डुलता डुलता पुढे जाणारा लाकडी घोडा: नवशिक्यांसाठी बांधणी

माझी भाची चार वर्षांची असताना तिला मी डुलता घोडा करून दिला. खाली दोन बाकदार फळ्या, वर बैठक, लोकरीची आयाळ. दोन दिवस ती झुलली. तिसऱ्या दिवशी खाली उतरली आणि म्हणाली, “मामा, हा जात कुठेच नाही.” बरोबरच होतं तिचं. घोड्यावर बसून पाऊण तास जिथल्या तिथे राहायचं, हे मोठ्यांना चालतं, पोरांना नाही.

मग मी त्या घोड्याला चार चाकं लावली. तो पुढे जाईना. पुढे-मागे, पुढे-मागे, आणि शेवटी होता तिथेच. ते असं का झालं हे कळायला मला एक आख्खी मे महिन्याची सुटी लागली. तुमची सुटी वाचावी म्हणून हा लेख. बॅटरी नाही, मोटर नाही, पायडल-चेनही नाही. मूल बसतं-उठतं, आणि घोडा पुढे सरकतो. साधं ड्रिल, करवत आणि पाना चालवता येत असेल तर तीन-चार रविवारांत होणारं काम आहे.

आधी हे समजून घ्या, मग करवत उचला

डुलणाऱ्या घोड्यावर मूल पुढे झुकतं तेव्हा घोड्याला मागे रेटा बसतो, मागे झुकतं तेव्हा पुढे. दोन्ही रेटे सारखेच. बेरीज शून्य. जोरात हिसके दिले तर फरशीवर तो थोडा सरकतोही, पण कुठल्या दिशेला ते त्याचं त्यालाच ठाऊक. पुढे जायचं असेल तर जमिनीशी असलेला संबंध दोन दिशांना वेगळा हवा: पुढे मोकळा, मागे अडलेला. हे काम चाकातली एकतर्फी अडवणूक करते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये जी छोटी खिटी असते आणि उलटं फिरवलं की टकटक वाजते, तिला सायकल दुरुस्तीवाले कुत्रा म्हणतात. या लेखात मीही तोच शब्द वापरणार आहे. आपल्या घोड्याला चार कुत्रे लागणार आहेत.

पण नुसत्या कुत्र्यांनी भागत नाही. कुठली तरी दोन टोकं एकमेकांपासून लांब गेली पाहिजेत आणि परत जवळ आली पाहिजेत. सुरवंट चालतो तसं. मागचं टोक रोवून पुढचं पुढे, मग पुढचं रोवून मागचं पुढे.

ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या इरिथ इथे सेबेल कंपनी ‘मोबो ब्रोंको’ नावाचा पत्र्याचा घोडा बनवत असे. मूल रिकिबीवर पाय दाबायचं, सोडायचं, आणि घोडा एकेक पाऊल पुढे. अमेरिकेत मार्क्स कंपनीचा ‘मार्व्हल द मस्टँग’ १९६० च्या दशकात असाच बिनबॅटरीचा पळायचा. त्याआधीच्या पिढ्यांची काळजी नेमकी उलटी होती. घोडा जागेवरून हलू नये आणि बाकदार फळ्यांखाली कुणाची बोटं सापडू नयेत म्हणून सिनसिनाटीच्या फिलिप मार्क्वा यांनी १८८० मध्ये स्थिर चौकटीवर टांगलेल्या घोड्याचं पेटंट घेतलं होतं.

आपली बांधणी या सगळ्यांपेक्षा सोपी आहे. ओट्याच्या वरचं फडताळ गाठायला घरात जी दोन पायांची शिडी असते, जिला आपण घोडीच म्हणतो, तिचा आकार डोळ्यासमोर आणा. उलटा व्ही. वर बिजागरी, खाली चाकं. वरून वजन दिलं की पाय फाकतात. वजन काढलं की रबर त्यांना जवळ ओढतं. फाकताना मागची चाकं अडतात, म्हणून पुढची पुढे जातात. जवळ येताना पुढची अडतात, म्हणून मागची पुढे येतात.

आता खरी मेख. वजन ‘काढायचं’ कसं? मूल तर घोड्यावरच आहे. मी पहिल्यांदा पाय ठेवायची दांडी बैठकीच्या बरोबर खाली लावली होती. भाची दांडीवर उभी राहिली तरी तिचं सगळं वजन बिजागरीवरच होतं. पाय फाकलेलेच राहिले. माझ्या लक्षात यायला दोन आठवडे गेले की मुलाचं वजन दोन वेगवेगळ्या जागी पडलं पाहिजे. बसल्यावर बिजागरीवर, उभं राहिल्यावर पुढच्या आसाजवळ, म्हणजे चाकं बसतात त्या सळईजवळ. आसावर पडलेलं वजन सरळ जमिनीत जातं, पाय फाकवत नाही. म्हणून पायदांडी पुढच्या आसाच्या जवळ हवी. या एका गोष्टीवर सगळा घोडा चालतो. बाकी सुतारकाम.

मुलाची मापं

मी दिलेले आकडे साधारण १०० सेंटिमीटर उंचीच्या, १८ किलोच्या मुलासाठी आहेत. तुमच्या घरचं मूल वेगळं असेल तर आधी जांघेपासून टाचेपर्यंतची उंची मोजा. बैठक त्याहून जास्त उंच नको, कारण घाबरलं तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. १०० सेंटिमीटरच्या मुलाला ४२ सेंटिमीटरची बैठक ठीक बसते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी हा घोडा करूच नका. बसणं-उठणं ज्याला तालात जमत नाही त्याला तो चालवता येत नाही, आणि त्या वयाला आपला पांगुळगाडा काय वाईट आहे?

कागदी घोडे नाचवा

एरवी ही शिवी असते, इथे सल्ला आहे. जाड पुठ्ठ्याच्या १९ सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापा. म्हणजे खऱ्या पायाच्या निम्म्या. वरच्या टोकाला टाचणीने जोडा आणि टेबलावर मोजपट्टीशेजारी उभा व्ही करा. खालच्या टोकांत २० सेंटिमीटर अंतर ठेवा. आता मागचं टोक बोटाने दाबून धरा आणि टाचणी खाली ढकला. पुढचं टोक पुढे जाईल. अंतर २५ झालं की थांबा. आता बोट पुढच्या टोकावर ठेवा आणि टाचणी वर उचला. मागचं टोक पुढे येईल. संपूर्ण घोडा ५ सेंटिमीटर पुढे आला. खऱ्या घोड्यात ही ढांग १० सेंटिमीटरची होते.

मोजपट्टीने टाचणीची उंचीही पाहा. ५ सेंटिमीटरच्या ढांगेसाठी ती दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी खाली आली असेल. खऱ्या घोड्यात ३८ सेंटिमीटरचे पाय ४० पासून ५० सेंटिमीटरपर्यंत फाकतात तेव्हा बिजागरी ३.७ सेंटिमीटर उतरते. पाय आणखी पसरट ठेवले, समजा ५६ ते ६६, तर त्याच १० सेंटिमीटरच्या ढांगेसाठी मुलाला जवळजवळ ७ सेंटिमीटर वरखाली व्हावं लागेल. दमून जाईल. उलट पाय फार उभे ठेवले तर चढउतार कमी, पण पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर इतकं कमी की घोडा नाकावर आपटेल. पुठ्ठ्यावर अर्धा तास खेळलात तर हे तिन्ही प्रकार हाताला कळतात, आणि आकडे पाठ करावे लागत नाहीत.

मुलाची ताकद पुरेल का, ही शंका मलाही होती. पुरते. १८ किलोचं मूल ३.७ सेंटिमीटर खाली आलं की साधारण साडेसहा ज्यूल ऊर्जा मिळते. रबरी चाकांचा घोडा आणि मूल मिळून गुळगुळीत फरशीवर १० सेंटिमीटर सरकवायला एक ज्यूलच्या आसपास लागते. ताकद कमी पडत नाही. ती ढिल्या बिजागरीत आणि सटकणाऱ्या कुत्र्यांत वाया जाते.

सामान

१९ मिमीचा चांगला प्लाय. पायांसाठी दोन बाय दीड इंची सागवान किंवा तितकंच सरळ रेषेचं कुठलंही कठीण लाकूड. ट्रॉलीला लावतात ती चार इंची भरीव रबराची चार चाकं, आणि त्यांच्या भोकात बसेल अशी लोखंडी सळई. बिजागरीसाठी १६ मिमीची सळई आणि तिला बसणारे पितळी किंवा नायलॉनचे बुश, म्हणजे सळई ज्यांत फिरते त्या छोट्या नळ्या. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले (साधे नट या घोड्यात आठवड्याभरात ढिले होतात, उगाच काटकसर करू नका). सायकलची जुनी ट्यूब, दोन तरी. पिशव्यांना लावतात ती रुंद निवार किंवा नायलॉन पट्टी. टायरचा तुकडा. एक छोटं फिरतं कॅस्टर, ऑफिसच्या खुर्चीखाली असतं तसं चाक. आणि सामान तोलायचा लटकता वजनकाटा, तो शेजाऱ्याकडून आणा.

चाकं प्लास्टिकची घेऊ नका. स्वस्त मिळतात, दिसायलाही बरी. पण गुळगुळीत टाइल्सवर अडलेलं प्लास्टिकचं चाक सरळ घसरतं. कुत्रा आपलं काम करतो आणि चाक त्याला फसवतं.

चौकट

घोड्याचे दोन भाग आहेत. पुढच्या भागात पुढचे पाय, पायदांडी, बैठक, मान आणि धरायची मूठ हे सगळं एकजीव. मागचा भाग म्हणजे फक्त मागचे पाय. ते बैठकीखाली बिजागरीने टांगलेले. मुलाचं सगळं वजन पुढच्याच भागावर बसतं, आणि याचा एक सुंदर परिणाम होतो. पाय फाकताना पुढचा भाग सुमारे ९ अंश मागे कलतो, म्हणून बसलं की घोड्याचं तोंड वर जातं, उठलं की खाली येतं. डुलण्यासाठी वेगळं काहीच करावं लागत नाही.

प्रत्येक भागाला दोन पाय, एकमेकांपासून साधारण १४ सेंटिमीटरवर. पुढच्या भागाचे पाय बाहेरून, मागच्याचे त्यांच्या आत बसतील असे. बिजागरीच्या भोकाच्या मध्यापासून आसाच्या मध्यापर्यंत चारही पायांवर बरोबर ३८ सेंटिमीटर हवेत. चारही पाय एकत्र क्लॅम्पने आवळून एकदमच भोकं पाडा. वेगवेगळी पाडलीत तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतोच, आणि मग घोडा आयुष्यभर एका बाजूला ओढतो.

खाली, दोन पायांना आडवी पट्टी ठोका, ३४ सेंटिमीटर लांब. तिच्या दोन्ही टोकांना प्लायचे उभे गाल. या गालांतून आस जाईल आणि गालाच्या बाहेर चाक बसेल. चाकाच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंत ४० सेंटिमीटर रुंदी ठेवा. अरुंद घोडा ऐटबाज दिसतो आणि उलटतो. उभ्या राहिलेल्या मुलाच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरच्या आसपास जातो. ४० ची रुंदी असली तर कडेला जवळजवळ १५ अंश कलेपर्यंत तो सावरतो.

पायदांडी पुढच्या पायांच्या रेषेतच, आसापासून १३ ते १४ सेंटिमीटर वर. तिथे ती आसाच्या सुमारे ८ सेंटिमीटर मागे येते. मी आधी म्हटलं की आसाच्या जवळ हवी, मग बरोबर आसावरच का नाही? कारण मूल उभं राहून जरा पुढे झुकलं की घोडा तोंडावर पडेल. ८ सेंटिमीटर ही तडजोड आहे. त्यातही भीती उरते, म्हणून पुढच्या आसाच्या १४ सेंटिमीटर पुढे ते छोटं कॅस्टर लावा, जमिनीपासून एक सेंटिमीटर उंच. हे अंतर घोडा रिकामा असताना, पाय पूर्ण जवळ असताना मोजा. तेव्हाच तोंड सगळ्यात खाली असतं. मी मूल बसलेलं असताना मोजलं होतं. मग भाची उठली की कॅस्टर जमिनीला टेकायचं, पुढची चाकं हवेत, आणि घोडा जागेवर गोल गोल.

कुत्रे

इथे घाई करू नका. हा घोड्याचा सगळ्यात चिवट भाग आहे.

बाजारातल्या पर्यायांपैकी फ्रीव्हील मजबूत, पण जड. ते चाकाला जोडायला वेल्डिंगवाला लागतो, आणि प्रत्येक टकटकीमागे थोडं अंतर वाया जातं. किती, ते स्वतः मोजा. चाकाच्या एका फेरीत किती टकटक होतात ते ऐका आणि चाकाच्या घेराला त्या आकड्याने भागा. चार इंची चाकाचा घेर ३२ सेंटिमीटर. १६ टकटक झाल्या तर एकेका वेळी २ सेंटिमीटरपर्यंत मागे घसरणार. दुसरा पर्याय एकतर्फी सुई-बेअरिंगचा, एचएफ नावाने मिळतात ती. वाया जाणारं अंतर नगण्य. पण त्यांना कडक केलेली, घासून तासलेली सळई लागते, साध्या सळईवर ती चरे पाडतात. शिवाय एचएफ फक्त अडवतं, वजन पेलत नाही. वजनासाठी शेजारी वेगळं बेअरिंग हवं, किंवा दोन्ही कामं करणारं एचएफएल.

नवशिक्याने लाकडी कुत्राच करावा. फुकटात होतो, आणि बिघडला तर का बिघडला ते डोळ्यांना दिसतं.

प्लायचा ९ सेंटिमीटरचा हात. एका टोकाला बोल्टचं भोक, दुसऱ्या टोकाला टायरचा तुकडा डकवून वर दोन स्क्रू. बोल्ट गालावर, चाकाच्या मध्यापासून १३.८ सेंटिमीटर अंतरावर. हाताचं रबरी टोक चाकावर टेकतं, आणि ते नेहमी घोड्याच्या तोंडाच्या बाजूला असतं. घोडा पुढे जाताना चाकाचा वरचा भाग पुढे सरकतो आणि टोकाला हलकेच बाजूला सारतो. चाक मागे फिरू लागलं की तेच टोक ओढून आत घेतलं जातं आणि पाचरीसारखं अडकतं. जितका जोर मागे, तितकी पकड घट्ट. एक छोटं रबरबँड कुत्र्याला चाकावर टेकवून ठेवतं. बस, जास्त ताण नको.

हात आणि चाकाची त्रिज्या यांच्यातला कोन २० अंशांच्या आसपास असावा. जास्त झाला तर रबर घसरतं, अडकत नाही. फार कमी झाला तर कुत्रा जोराने पलीकडे उलटतो आणि मग उलट दिशेला अडवतो, म्हणजे घोडा पुढे जायचा बंद. हा सगळा खेळ दोन-तीन मिलिमीटरचा आहे. म्हणून बोल्टचं भोक गोल नको, वर-खाली ३ मिमी सरकेल असं लांबट पाडा. आणि कुत्रा मधल्या रेषेपलीकडे जाऊ नये म्हणून एक लाकडी खुंटी ठोका. चारही गालांसाठी एकच पुठ्ठ्याचा नमुना वापरा.

चाकांवर वरून प्लायचं किंवा पत्र्याचं मडगार्डसारखं झाकण घाला. पायदांडी तिथेच आहे, मुलाचा अंगठा कुत्र्याखाली जायला नको.

एक गंमत सांगतो, जी मला घोडा झाल्यावर कळली. चाक कुत्र्याने अडतं ते पायाच्या तुलनेत, जमिनीच्या तुलनेत नाही. पाय स्वतः ९ अंश फिरतो तेव्हा अडलेलं चाकही त्याच्याबरोबर तेवढं पुढे फिरतं. दर हालचालीला जवळजवळ ८ मिलिमीटर फुकटात. बसताना एकदा, उठताना एकदा. ढिल्या भागांत जे गमावतो ते यातून भरून निघतं.

रबर आणि पट्टी

पाय जवळ ओढायला स्प्रिंगही चालते, पण तिच्या वेटोळ्यांत बोटं आणि केस अडकतात. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बऱ्या. बिजागरीपासून पायावर २२ सेंटिमीटर खाली पुढच्या आणि मागच्या पायांना एकेक आडवी दांडी लावा आणि ट्यूबचे वेढे त्या दोन दांड्यांवर घाला. पाय जवळ असताना दांड्यांत २३ सेंटिमीटर अंतर असतं, फाकल्यावर २९.

किती वेढे? वजनकाटा दांडीला अडकवून ओढून बघा. १८ किलोच्या मुलाला आणि साधारण ४ किलोच्या वरच्या सांगाड्याला जवळच्या स्थितीत ६ किलोपेक्षा जास्त ओढ हवी, नाहीतर मूल उठल्यावर पाय जवळ येणार नाहीत. फाकलेल्या स्थितीत १४-१५ किलोपेक्षा कमी हवी, नाहीतर मूल बसल्यावर ते फाकणारच नाहीत. २३ वर ८ किलो आणि २९ वर १२ किलो असं जमलं की उत्तम. मूल वाढलं की एक वेढा वाढवा. ट्यूबचा हाच फायदा.

ट्यूब तुटते. कधीतरी तुटणारच. ती तुटली तर पाय पसरून मूल धाडकन खाली येईल. म्हणून पुढच्या-मागच्या आडव्या पट्ट्यांमध्ये निवारीची पट्टी बांधा, अशी की आसांतलं अंतर ५० सेंटिमीटरच्या पुढे जाणारच नाही. दोन्ही बाजूंना एकेक. टोकं वॉशर घालून बोल्टने आवळा, खिळ्यांवर विसंबू नका. आणि आसांतलं अंतर ४० च्या आत येऊ नये म्हणून पायांच्या मध्ये लाकडी ठोकळा, त्यावर रबर, म्हणजे ठक्क आवाज होत नाही.

बिजागरीजवळच्या फटी बघा. नियम सोपा आहे: फट एकतर ५ मिमीपेक्षा लहान किंवा १२ मिमीपेक्षा मोठी, मधली नको. मधल्या फटीत मुलाचं बोट जातं आणि पाय मिटताना चिरडतं. घोड्याच्या हालचालीच्या दोन्ही टोकांना तपासा. बैठकीखाली दोन्ही बाजूंनी कापडी झूल सोडली तर दिसतेही छान आणि हातही आत जात नाहीत.

रंगाआधी रपेट

तोंड, आयाळ, शेपूट, डोळे यांतलं काहीही लावायच्या आधी घोडा चालवून बघा. मी रंगवलेला, नक्षी काढलेला घोडा तीनदा सोडवला आहे. रंग प्रत्येक वेळी निघाला.

पहिल्यांदा मूल नको, सिमेंटची गोणी घ्या. ती ५० किलोची असते. बैठकीवर आडवी ठेवा, पाच मिनिटं तशीच राहू द्या, सांधे बघा. मग एक फळी मीटरमागे १८ सेंटिमीटर उचलून उतरण करा, ती १० अंशांची होते. त्यावर घोडा आडवा उभा करा, मग तोंड खाली करून. गोणीसकट उलटता कामा नये. पुढे तोंड असताना तो घरंगळेल, धरून ठेवा. कुत्रे मागे अडवतात, पुढे नाही. या घोड्याला ब्रेक नाही. म्हणूनच तो जिन्याजवळ, गच्चीच्या उतारावर, गाडीच्या रॅम्पवर कधीच न्यायचा नाही.

मग मूल. पहिल्या दिवशी एक हात पाठीमागे धरा. “खाली बस, पायावर उभं राहा, खाली बस” असं तालात म्हणा. मुलं पाच मिनिटांत शिकतात, मोठ्यांना समजावून सांगायला जास्त वेळ लागतो. सेकंदाला एक उडी धरली तर घोडा मिनिटाला सहा-सात मीटर जातो. दिवाणखान्याची लांबी अर्ध्या-पाऊण मिनिटात संपते. यापेक्षा वेग वाढवायच्या नादाला लागू नका.

घोडं पेंड कुठे खातं?

चालला नाही तर काय बघायचं, ते माझ्या अनुभवाच्या क्रमाने.

जागेवरच पुढे-मागे होतो: कुत्रे घसरताहेत. चाक हाताने मागे फिरवून बघा. एकेक चाक तपासा, चारही एकदम नाही. धूळ बसली असेल तर रबर आणि चाक ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. निम्म्या वेळा एवढ्यानेच चालायला लागतो.

अर्धीच ढांग टाकतो: एकाच आसावर कुत्रे लावले आहेत, किंवा एका आसाचे दोन्ही ढिले आहेत. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी “मागे दोन पुरेत की” म्हणून पुढचे वगळले होते. पाय जवळ येताना त्यांची पुढची चाकं मागे येत होती.

एका बाजूला वळतो: एका कडेचा कुत्रा उशिरा पकडतो. बोल्ट लांबट भोकात मिलिमीटरभर सरकवा.

पाय फाकतात पण जवळ येत नाहीत: रबर कमी, किंवा पायदांडी फार मागे. पायदांडी एक-दोन सेंटिमीटर खाली, म्हणजेच आसाच्या जवळ आणा. कॅस्टर जागेवर आहे ना, हे परत बघा.

मूल बसलं तरी फाकत नाहीत: रबर जास्त. किंवा मूल मुठीवर भार टाकून बसतंय. मूठ थोडी जवळ आणि उंच करा.

कुरकुरतो: बिजागरीच्या बुशला मेण किंवा ग्रीस. चाकाच्या कडेला, कुत्र्याच्या टोकाला तेलाचा थेंबही लागू देऊ नका.

तोंड आणि रंग

आता मनासारखं करा. मान दोन प्लाय चिकटवून कापा, धरायची मूठ मानेतून आरपार घाला, दोन्ही बाजूंना १२ सेंटिमीटर बाहेर. मुठीची टोकं गोल, रबरी टोपी घातलेली. कान चामड्याचे किंवा जाड नमद्याचे करा. लाकडी कान डोळ्यात जातात. सगळ्या कडा पॉलिश पेपरने गाल फिरवून बघता येईल इतक्या गुळगुळीत करा. डोळे रंगवाच, बटणं शिवू नका, ती निघतात आणि तोंडात जातात.

रंग पाण्यातला घ्या. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, वाचून घ्या. घरातल्या माळ्यावरचा जुना डबा मात्र बाहेर काढू नका.

घोडा चांगला झाला की शेजारीपाजारी म्हणतात, “आमच्यासाठी पण एक करा, पैसे देतो.” विकायचा विचार असेल तर आधी माहिती घ्या. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आपल्या घरच्या पोरासाठी करताना तो प्रश्न येत नाही. भाचीसाठीही नाही.

देखभाल थोडीच आहे. पहिल्या पंधरा दिवसांनी सगळे नट आवळा, नंतर महिन्याला एकदा. ट्यूबला बारीक चिरा दिसल्या की बदला, तुटायची वाट बघू नका. निवारीचे बोल्ट दर वेळी हाताने ओढून बघा.

राहिलं वळणं आणि मागे येणं. हा घोडा सरळ जातो. पुढच्या चाकांना सुकाणू देता येतं, पण कुत्र्यांसकट वळणारं चाक करणं हे पहिल्या घोड्याचं काम नव्हे. भिंत आली की मोठ्या माणसाने मागचे पाय उचलून तोंड फिरवायचं. मी मागच्या दोन कुत्र्यांना एक आणि पुढच्या दोघांना एक अशी दोरी बांधून ती शेपटीखाली आणली आहे. ओढून धरली की कुत्रे उचलले जातात आणि घोडा मागे घेता येतो. दोरी मुलाच्या हाताला येत नाही, हे मुद्दाम. भाचीने पहिल्याच दिवशी भिंतीपर्यंत जाऊन मान मागे वळवली आणि हुकूम सोडला, “मामा, शेपूट ओढ.” तेव्हापासून त्या घरात गेलो की माझं काम ठरलेलं आहे.